शेततळ्यातील शेवाळ पुन्हा का येते?

अंबड तालुक्यातील अनेक मोसंबी बागाईतदारांची उन्हाळ्यातील भिस्त शेततळ्यावर असते. हिवाळ्यात या पाण्यावर केसांसारखे हिरवे शेवाळ तरंगू लागते. त्याचे तुकडे ठिबक संचाच्या गाळणीत व ड्रीपरांत अडकतात आणि ऐन उन्हात झाडांस पाणी कमी पडते. तळे वैशाखात कोरडे पडले तरी पावसानंतर शेवाळ पुन्हा हजर होते.

शेवाळ बोटांत चोळून पाहावे. लोकरीसारखे खरखरीत लागल्यास ते बहुधा क्लॅडोफोरा असते. बुळबुळीत लागल्यास स्पायरोगायरा समजावे. येथे दुसऱ्याचाच विचार केला आहे. या कुलावर मोहिंदर सिंग रंधावा यांनी लिहिलेला ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५९ साली प्रसिद्ध केला. प्रशासनाचा व्याप सांभाळून या गृहस्थांनी डबक्यांतील शेवाळाचा अभ्यास केला, हे विशेष होय.

स्पायरोगायराचा तंतू म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या कोशिकांची माळ. तंतू तुटला तर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वाढतो. म्हणून शेवाळ अर्धवट ओढून तुकडे पाण्यात सोडणे म्हणजे त्याची लावणी करणेच होय.

अनुकूल काळ सरत आला की दोन तंतू शेजारी येतात, त्यांच्या कोशिकांमध्ये नळ्या तयार होऊन शिडीसारखा आकार बनतो. एका कोशिकेतील जीवद्रव्य नळीतून दुसरीत जाते व दोहोंच्या संयोगाने रंदुक बनतो. त्याभोवती जाड कवच येते, शेवाळ पिवळसर पडते आणि रंदुक गाळात बसतात. ते कोरड्या काळातही टिकून राहतात. पाणी मिळाल्यावर रंदुकातील केंद्रकाचे न्यूनीकरण विभाजन होते. चारांपैकी तीन केंद्रके नाश पावतात व उरलेल्या एकापासून नवा तंतू निघतो. कोकणच्या खडकांवरील उल्वा या समुद्रशेवाळात गंतुके देणारी व बीजुके देणारी अशा दोन पिढ्यांच्या वनस्पती असतात आणि त्या दिसावयास सारख्याच असतात. स्पायरोगायरात मात्र दुसऱ्या पिढीची वनस्पतीच नाही. तिच्या जागी हा एकपेशीय रंदुक तेवढा असतो.

मोरचुदाने तंतू मरतात, परंतु जाड कवचातील रंदुकांबाबत त्याचा भरवसा धरू नये. शिवाय मात्रा चुकल्यास मासेही मरतात. शेवाळ हिरवेगार असतानाच, पिवळे पडण्यापूर्वी, बारीक जाळीने काढावे. तळे आटल्यावर गाळ काढावा. प्लास्टिकचे अस्तर असल्यास लोखंडी फावडे न वापरता लाकडी फळीने ओढावा. काढलेला गाळ काठावर रचू नये, पहिल्याच पावसात तो तळ्यात परत येतो.