पोर्शे ९४४ बाळगणाऱ्यांसाठी

१९८०च्या दशकातील पोर्शे ९४४ ज्यांच्या ताब्यात आहे, त्या रसिकांनी हे ध्यानात ठेवावे की, तिच्या अडीच लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनातील टायमिंग बेल्ट तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च आवाक्याबाहेर जातो. म्हणून पूर्वमालकाच्या तोंडी ग्वाहीवर न विसंबता, दप्तरी पावती नसल्यास, हा बेल्ट, बॅलन्स शाफ्टचा बेल्ट, रोलर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलावेत. ताण मात्र इंजिन थंड असतानाच मोजावा.

स्टार्टर फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर इंधनपंपाचा वीजपुरवठा सांभाळणारा डीएमई रिले प्रथम तपासावा. त्यातील सोल्डरच्या सांध्यांना कालांतराने सूक्ष्म तडे जातात, यास्तव एक जादा रिले गाडीत सदैव असावा.