पंखावरचा खरखरीत थर

१७ जानेवारी २००४. कॅनडात, ईरी सरोवरातल्या पिली बेटावरून नऊ प्रवासी घेऊन एक सेसना कॅराव्हॅन विमान विंडसर शहराकडे निघालं. प्रवाशांमध्ये बेटावर शिकारीला आलेली आणि आता घरी निघालेली मंडळी होती. अंतर अगदी थोडं. पण उड्डाण होताच विमान बेटाजवळच्या गोठलेल्या सरोवरात कोसळलं. वैमानिकासह दहाही जण मृत्युमुखी पडले. तपासात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या : विमानाचं वजन कमाल मर्यादेपेक्षा किमान १५ टक्के जास्त होतं, आणि विमानावर बर्फ साचलेला होता.

बर्फ म्हटलं की आधी त्याचं वजनच डोळ्यांपुढे येतं. खरा घात मात्र त्याच्या खरखरीतपणाने होतो. पंखाच्या गुळगुळीत वक्र पाठीला चिकटून हवा वाहत राहते, म्हणून विमान वर उचललं जातं. पृष्ठभाग खडबडीत झाला की हा प्रवाह लवकर सुटतो. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि वरच्या बाजूवर पॉलिश पेपरइतका जाड आणि तितकाच खरखरीत थर बसला, तरी उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अवरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. थंडीच्या लाटेत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी मोटारींच्या टपांवर पहाटे हिमकणांचा पांढरा थर दिसतो आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. तेवढा थर पंखावर असेल तर उड्डाण करता कामा नये.

आश्चर्य म्हणजे अमेरिकेत खासगी आणि लहान विमानांना पंखावरचा हिमथर घासून गुळगुळीत केला तर उड्डाणाची मुभा होती. ती २०१० साली संपली. त्याआधी, २००५ मध्ये, कॅराव्हॅनसाठी आणखी एक नियम आला होता : बर्फाळ हवामानात उड्डाणापूर्वी पंख नुसते पाहायचे नाहीत, हाताने चाचपायचे. पारदर्शक बर्फ रंगवलेल्या पत्र्यावर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना मात्र लागतो.

जमिनीवरचा बर्फ निदान पुसता तरी येतो. ढगातल्याचं तसं नाही. ढगातले पाण्याचे थेंब शून्याखाली गेले म्हणून लगेच गोठत नाहीत. अगदी बारीक थेंब उणे ४० अंशांच्या आसपासही द्रव राहू शकतात. विमान त्यांच्यावर आदळलं की मात्र ते तिथल्या तिथे गोठू लागतात. थेंब लहान असतील तर दुधी, भुसभुशीत थर बसतो. मोठे असतील तर पाणी मागे ओघळत गोठतं आणि काचेसारखा घट्ट बर्फ तयार होतो. जेट विमानं अशा ढगांतून झपाट्याने वर निघून जातात, शिवाय बहुतेकांच्या पंखांच्या कडा इंजिनातल्या गरम हवेने तापवलेल्या असतात. लहान विमानाला ताकद कमी आणि वेगही कमी. त्याचा बराच प्रवास याच ढगांच्या उंचीवर होतो. सेसना १७२ सारख्या प्रशिक्षणाच्या विमानाच्या पंखांवर तर बर्फ काढायची सोयच नसते. त्याने अशा ढगात शिरायचंच नाही.

सोय असली तरी तिला मर्यादा असते. अनेक टर्बोप्रॉप विमानांच्या पंखांच्या कडेला रबरी पट्टे असतात. त्यांत हवा भरली की ते फुगतात आणि बर्फ तडकून उडून जातो. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेलं एटीआर ७२ गर्दीमुळे वाटेत घिरट्या घालत थांबलं होतं. त्या ढगातले थेंब नेहमीपेक्षा बरेच मोठे होते. पट्टे आपलं काम करत होते, पण त्यांच्या मागे, जिथे ते पोचत नाहीत तिथे, बर्फाचा कंगोरा उभा राहत होता. त्याने हवेचा प्रवाह बिघडला, पंखाच्या टोकाची हलती पट्टी आपोआप वळली, ऑटोपायलट सुटला आणि विमान उलटत खाली गेलं. रोझलॉन गावाजवळच्या शेतात ६८ जणांचा अंत झाला.

या घटनेत एक फार महत्त्वाची गोष्ट दिसते. बर्फ साचत असताना ऑटोपायलट बिघाड सावरत राहतो, त्यामुळे वैमानिकाच्या हाताला काहीच जाणवत नाही. धोक्याची सूचना देणारी यंत्रणाही अनेक विमानांत स्वच्छ पंख गृहीत धरून बसवलेली असते. बर्फाळ पंख तिच्या अपेक्षेआधीच उचल गमावतो, तिचा भोंगा नंतर वाजतो. म्हणून अशा हवेत अधूनमधून ऑटोपायलट काढून विमान स्वतःच्या हाताने चालवून पाहा, असं वैमानिकांना शिकवतात.

हे सगळं ठाऊक असूनही विमानं बर्फासकट उडतात, आणि दोष एकट्या वैमानिकावर टाकणं अन्यायाचं आहे. १३ डिसेंबर २०१७ रोजी कॅनडातल्या फाँ-द्यू-लाक इथून २५ जणांना घेऊन निघालेलं एटीआर ४२ जमिनीवरून उचललं आणि लगेच झाडीत कोसळलं. अनेक जण गंभीर जखमी झाले, एक प्रवासी पुढे दगावला. येताना ढगात साचलेला बर्फ काढलेला नव्हता. बर्फ काढायचं साहित्य तिथे होतं : दोन शिड्या, हाताने मारायचा फवारा आणि द्रवाचा एक डबा. तेही टर्मिनलच्या इमारतीत, न वापरलेलं. तपास मंडळाने मग दुर्गम उत्तरेत उडणाऱ्या वैमानिकांना प्रश्नावली पाठवली. अशा विमानतळांवर बर्फ नीट काढून घेणं आपल्याला क्वचितच किंवा कधीच जमत नाही, असं जवळपास ४० टक्के जणांनी कळवलं. तिथल्या वस्त्यांना औषधं, टपाल आणि रुग्ण नेण्यासाठी विमानाचा मोठा आधार असतो. पंख धुण्याची पुरेशी साधनं तिथे तातडीने पोचवा, अशी शिफारस मंडळाने २०१८ मध्ये, अंतिम अहवालाची वाट न पाहता, सरकारला केली.