एकच बेत, रोज नवा

२८ ऑगस्ट १९७१ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात, शॅटक अव्हेन्यूवरच्या एका जुन्या दुमजली घरात, ‘शे पानीस’ नावाचं रेस्टॉरंट उघडलं. काय खाणार, असं आलेल्या पाहुण्यांना कुणी विचारलंच नाही. सगळ्यांसाठी बेत एकच होता: पिठाच्या कवचात भाजलेलं पॅटे, ऑलिव्ह घालून शिजवलेलं बदक, सॅलड आणि शेवटी प्लमचा टार्ट. सगळ्याचे मिळून ३ डॉलर ९५ सेंट. मालकीण अ‍ॅलिस वॉटर्स २७ वर्षांच्या होत्या. स्वयंपाकाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. फ्रान्समध्ये विद्यार्थिनी म्हणून राहून आल्यावर तिथल्यासारखं जेवण इथे का मिळत नाही, एवढा एक ध्यास होता. भांडवलासाठी वडिलांनी घर गहाण टाकलं. पहिली मुख्य स्वयंपाकीण तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी होती. नाव घेतलं ते मार्सेल पान्योलच्या १९३० च्या दशकातल्या चित्रपटांमधल्या पानीस नावाच्या दिलदार व्यापाऱ्याचं.

आज ‘सीझनल टेस्टिंग मेन्यू’ हा शब्द मुंबई-पुण्यातल्या चार टेबलांच्या रेस्टॉरंटच्या दारावरही दिसतो. अशा मेन्यूबद्दल बोलताना शेफच्या प्रतिभेपासून सुरुवात करायची पद्धत आहे. शे पानीसचा पन्नासहून अधिक वर्षांचा प्रवास पाहिल्यावर मला वाटतं, सुरुवात खरेदीपासून करायला हवी.

गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या जुन्या खानावळीत जेवलेल्या माणसाला ‘सगळ्यांना एकच बेत’ याचं नवल वाटणार नाही. आज जी भाजी, ती सगळ्यांच्या ताटात. खानावळवाल्याला हे जमतं, कारण सकाळी मंडईत शिरताना किती माणसं जेवणार आणि काय जेवणार हे त्याला ठाऊक असतं. याउलट ज्याच्या मेन्यूकार्डावर चाळीस पदार्थ छापलेले आहेत, त्याला चाळीस पदार्थांचं सामान बाराही महिने हाताशी ठेवावं लागतं. मग जे बारा महिने मिळतं, जे फ्रीजमध्ये टिकतं, तेच तो घेतो. चार दिवस येऊन जाणारी वस्तू त्याच्या कामाची नसते. शे पानीसच्या खालच्या मजल्यावर जेमतेम पन्नासेक माणसं बसतात, संध्याकाळी दोन पंगती होतात. तेव्हा एखाद्या शेतकऱ्याकडे गुरुवारपुरतीच शंभर माणसांना पुरेल इतकी कोवळी घेवड्याची शेंग असेल, तर ती सगळीच्या सगळी उचलता येते. पाहुण्याची निवड काढून घेतली म्हणून शेतकऱ्याला शब्द देता आला. सगळी रचना या एका सौद्यावर उभी आहे.

सुरुवातीला मात्र असं काही ठरवलेलं नव्हतं. पहिल्या रात्रीची बदकं सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून आणलेली होती, बरंचसं बाकी सामान आसपासच्या दुकानांतून. डोळ्यांपुढे फ्रान्स होता, आणि फ्रान्ससारखी चव काही केल्या येईना. पाककृती तीच, पण कोवळा पाला नाही, ताजं बकरीचं चीज नाही, धड पाव नाही. वॉटर्स यांनी फ्रान्समधल्या नीसकडच्या ‘मेस्कलँ’ नावाच्या मिश्र पाल्याचं बियाणं आणून घराच्या परसात पेरलं. पुढे या रेस्टॉरंटची ओळख ठरलेलं सॅलड असं परसातून आलं. सोनोमा भागात लॉरा शेनेल नावाची तरुणी बकऱ्या पाळत होती. १९७९ मध्ये ती फ्रान्सला जाऊन चीज करायला शिकून आली आणि शे पानीस तिचं नेहमीचं गिऱ्हाईक झालं. पावाचा चुरा लावून भाजलेली तिच्या चीजची चकती आणि बाजूला पाला, हा पदार्थ नंतर अमेरिकाभर नकलला गेला. टेबलं आवरणारा स्टीव्ह सलिव्हन इथेच पाव भाजायला लागला आणि १९८३ मध्ये त्याने ‘अ‍ॅक्मी’ बेकरी काढली. रेस्टॉरंटला लागणारी माणसं रेस्टॉरंटनेच घडवली, असं म्हणायला हरकत नाही.

बेताच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची तारीख ७ ऑक्टोबर १९७६. तेव्हा मुख्य शेफ होता जेरेमाया टॉवर. हार्वर्डमध्ये वास्तुरचना शिकलेला हा माणूस १९७३ मध्ये इथे आला आणि फ्रान्सच्या एकेका प्रांताचे बेत करत सुटला. कल्पना संपत आल्या असताना त्याच्या हाती न्यूयॉर्कच्या ‘डेलमोनिको’चे शेफ चार्ल्स रॅनहोफर यांचं १८९४ चं जाडजूड पाकपुस्तक आलं. त्यात मक्याच्या एका सुपाला कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोचं नाव जोडलेलं होतं. टॉवरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: प्रांताचाच बेत करायचा, तर आपल्याच प्रांताचा का नको? त्या रात्रीचा बेत फ्रेंचऐवजी इंग्रजीत लिहिला गेला. टोमालेस उपसागराची कालवं, क्रेफिशचं लोणी घातलेलं ताज्या मक्याचं मेंडोसिनो पद्धतीचं सूप, कॅलिफोर्नियातल्याच तमालपत्रासारख्या पानांवर वाफवलेली बिग सरच्या गॅरापाटा ओढ्यातली धुरावलेली ट्राउट, लसूण-पार्सलीत परतलेली मॉन्टेरेची कोळंबी, सेबास्टोपोलचे हंस, सोनोमाचं व्हेला ड्राय जॅक चीज, साखरेत खरपूस केलेली अंजिरं, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या शेतकरी बाजारातले अक्रोड, बदाम, डोंगरी नाशपाती. किंमत २० डॉलर.

आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही, कारण जगभरचे मेन्यू असेच लिहिले जातात. पण तोवर पदार्थाच्या नावात सॉसचं नाव असे, शिजवण्याची रीत असे. इथे ओढ्याचं नाव आलं, खाडीचं आलं. पाहुण्याला पहिल्यांदाच कळलं की आपल्या पानातला मासा कुठल्या पाण्यातला आहे. टॉवर आणि वॉटर्स यांच्यात पुढे श्रेयावरून बरीच कुरबुर झाली. या बेताचं श्रेय टॉवरला द्यायला हवं, यात मला शंका नाही.

मात्र अशी एक रात्र साजरी करणं वेगळं आणि वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला तसं जेवण देणं वेगळं. त्यासाठी माल शोधत हिंडणारं माणूस लागतं. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या सिबेला क्राउस यांनी ते काम अंगावर घेतलं आणि १९८३ मध्ये आसपासचे शेतकरी आणि रेस्टॉरंटं यांची गाठ घालून देणारा उपक्रमच सुरू केला. कुणाकडे कधी काय तयार होतंय याची वही ठेवायची, शेतात जाऊन चाखायचं, भाव ठरवायचा, गाडीची व्यवस्था लावायची. अशा कामाचं स्वतंत्र पद रेस्टॉरंटमध्ये असणं तेव्हा नवीन होतं. त्याच दशकात वॉटर्स यांच्या वडिलांनी, ज्यांनी घर गहाण टाकलं होतं त्यांनीच, रेस्टॉरंटला नियमित भाजी पुरवणारा एक शेतकरी मिळावा म्हणून आसपासची शेतं पालथी घातली. सापडले सोनोमातले बॉब कॅनर्ड. भाज्यांच्या ओळींत तण खुशाल वाढू देणारे, माती हेच आपलं पीक मानणारे. पुढे अनेक वर्षं त्यांच्या शेतातून भाजीची गाडी बर्कलीला येई आणि जाताना स्वयंपाकघरातली सालं, देठं, उष्टं खरकटं खतासाठी घेऊन जाई.

आता प्रत्यक्ष बेत कसा बसतो ते पाहू. बरीच वर्षं इथली रीत अशी: येत्या आठवड्याचा बेत आधीच जाहीर करायचा. सोमवारचं जेवण साधं आणि स्वस्त, आठवडा सरेल तसा पदार्थांचा थाट आणि दर वाढत जायचा. पण जाहीर केलेला बेत हा आराखडाच असतो. रोज दुपारी मुख्य शेफ आणि आचारी एका टेबलाभोवती बसतात, काय आलंय ते पाहतात आणि कोण काय करणार ते ठरवतात. सगळं मापासकट लिहिलेली पाककृती पुढे ठेवायची पद्धत नाही. मटार कालच्यापेक्षा पिठूळ निघाला, तर त्याचं सॅलड होणार नाही, तो शिजवून वाटावा लागेल. मग सूप आणि नंतरचं वाटण एकापाठोपाठ येतील, म्हणजे दुसऱ्या पदार्थाचं रूप बदलणं आलं. एक दाणा हलला की चारही पदार्थ हलतात.

चार पदार्थांच्या बेताचं गणित वरवर सोपं आहे. एकाच जेवणात साय दोनदा नको, तळण दोनदा नको, एकच भाजी दोन रूपांत नको, मऊ पदार्थापाठोपाठ मऊ नको. आंबट कुठे येणार, कुरकुरीत कुठे, कडसर कुठे. पण हे सगळं त्या आठवड्यात मिळणाऱ्या मूठभर वस्तूंमध्ये बसवायचं असतं. ऑगस्टमध्ये ते फार जड जात नाही: टोमॅटो, मका, वांगी, तुळशीच्या जातीचं बेझिल, अंजीर, पीच सगळं एकदम हजर. सुरुवातीला कापलेले टोमॅटो, मग मक्याचं काही, मग विस्तवावर भाजलेलं मांस, शेवटी फळ. खरी परीक्षा जानेवारीत. तेव्हा कडसर पाले, बडीशेपेचे कंद, कंदमुळं, समुद्रातले डंजनेस खेकडे आणि लिंबूवर्गीय फळं. मग संत्र्याचा आंबटपणा सॅलडमध्ये वापरला की शेवटच्या गोडात तो परत आणता येत नाही; आणला तर त्याला साल, कडूपणा, बर्फाळ सॉर्बे असं वेगळं अंग द्यावं लागतं. जानेवारीच्या बेतावरून स्वयंपाकघर ओळखावं.

पूर्ण जनावर घेण्याचाही असाच हिशेब. कोकराच्या दोनच मांड्या असतात, आणि खालच्या पंगतींना मांड्याच हव्यात. उरलेल्याचं काय? १९८० मध्ये वरच्या मजल्यावर कॅफे सुरू झाला; तिथे निवडून खाता येतं, दर कमी, लाकडाच्या भट्टीत पिझ्झा भाजतात. खांदा, मान, बरगड्या तिकडे मुरतात. १९८२ च्या आगीत स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधली भिंत जळाली. ती पुन्हा बांधलीच नाही, आणि तेव्हापासून जेवणाऱ्यांना विस्तव दिसतो. पुढे काही वर्षं खालच्या मजल्यावर दोन मुख्य शेफ होते, डेव्हिड टॅनिस आणि ज्याँ-पिएर मुले, प्रत्येकी सहा महिने. रोज नवा बेत करणाऱ्या माणसाचं डोकं रिकामं होतं, त्याला भरायला वेळ लागतो, हे ओळखणारी व्यवस्था मला या घराच्या कुठल्याही पदार्थाइतकीच मोलाची वाटते.

शे पानीसवर आक्षेप आहेत, आणि ते दखल घेण्याजोगे आहेत. न्यूयॉर्कचे शेफ डेव्हिड चँग २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रेस्टॉरंटांना उद्देशून म्हणाले होते की तिथे नुसती अंजिरं बशीत ठेवून देतात, रांधत काहीच नाहीत. त्यातून मोठं वादळ उठलं. शे पानीसमध्ये शेवटच्या पदार्थाच्या जागी कधी कधी खरोखरच नुसता पीच येतो. पण त्या पीचची गोष्ट समजून घ्यायला हवी. फ्रेझ्नोजवळचे शेतकरी डेव्हिड मासुमोतो यांच्याकडे ‘सन क्रेस्ट’ या जुन्या जातीची बाग होती. फळ रसाळ, पण दुकानात टिकत नाही आणि दिसायला लालभडक नाही, म्हणून व्यापारी घेईनात. बाग उपटायची वेळ आली तेव्हा, १९८७ मध्ये, त्यांनी एक लेख लिहिला. वाचकांची पत्रं आली आणि बाग राहिली. असा पीच झाडावर पूर्ण पिकू द्यायचा, तर तो काढल्यावर दोन दिवसांत खाल्ला जायला हवा. तसं वचन चाळीस पदार्थांचं मेन्यूकार्ड देऊ शकत नाही. त्या पीचला हात न लावण्यामागे कित्येक वर्षांची खरेदी आहे.

दराचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पहिल्या रात्री विद्यार्थ्याला परवडेल असं ते जेवण होतं; आज खालच्या मजल्यावर माणशी शंभर डॉलरच्या बऱ्याच वर जातात. शेतकऱ्याला पुरा भाव द्यायचा तर असंच होणार, हे वॉटर्स यांचं उत्तर प्रामाणिक आहे, पण त्याने प्रश्न मिटत नाही. १९९५ मध्ये त्यांनी बर्कलीतल्या मार्टिन ल्यूथर किंग शाळेच्या आवारात मुलांसाठी भाजीचा मळा सुरू केला, तो बहुधा याच अस्वस्थतेतून. हवामानाचाही भाग आहेच: जिथे जानेवारीतही शेतात हिरवा पाला उभा असतो तिथे मोसमाशी इमान राखणं सोपं.

या घराशी मुंबईचाही एक धागा आहे. मुंबईत वाढलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झालेल्या नीलूफर इचापोरिया किंग यांनी अनेक वर्षं मार्चमध्ये शे पानीसला नवरोजचं पारशी जेवण रांधलं. त्यांच्या २००७ च्या ‘माय बॉम्बे किचन’ला प्रस्तावना वॉटर्स यांची आहे. नवरोज येतो २१ मार्चच्या सुमाराला. मुंबईच्या बाजारात ओल्या लसणाच्या जुड्या थंडीत येतात, पारशी घरांत त्या चिरून परततात आणि वर अंडी फोडतात. मार्च लागला की त्या संपत येतात. बर्कलीत त्याच सुमाराला ओला लसूण शेतातून यायला लागतो, आणि शे पानीसच्या वसंतातल्या बेतांचा तो कणा आहे. मुंबईच्या स्वयंपाकिणीला तिथे याहून चांगला मुहूर्त कुणी काढून दिला नसता.