दुखण्याची नावं: शिवारातली आणि केसपेपरवरची

जालना जिल्ह्यात कापूस वेचून वा सळईच्या कारखान्यात ओझी उचलून कंबर धरली की पहिलं निदान घरीच होतं: ‘मणक्यात गॅप आला.’ या शब्दाने माणसं फार घाबरतात. मणके एकमेकांपासून सुटले, असा समज होतो. एक्स-रेत बहुधा उलटं दिसतं: दोन मणक्यांमधली चकती झिजते आणि अंतर कमी होतं. चकतीचा भाग सरकून शीर दाबली गेली, तर कळ पायात उतरते. ती सायटिका, आयुर्वेदातली गृध्रसी.

गुडघ्याची ‘वाटी घासली’ म्हणजे बहुतेकदा ऑस्टिओआर्थ्रायटिस. झिजते ती मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांवरची कूर्चा.

केसपेपरवरच्या नावांत ‘ऑस्टिओ’ म्हणजे हाड, ‘आर्थ्रो’ सांधा, ‘मायो’ स्नायू. शेवटी ‘आयटिस’ असेल तर दाह, ‘अल्जिया’ असेल तर वेदना. स्प्रेनमध्ये हाडांना जोडणारा अस्थिबंध दुखावतो, स्ट्रेनमध्ये स्नायू किंवा कंडरा.

2024मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या भावी डॉक्टरांनी शिवारातली आणि केसपेपरवरची अशा दोन्ही भाषा शिकाव्यात.

कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मालीश करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.