नॅनो-औषधाचा नेम आणि आपलं अनुमान

मंडळी, आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. मग कर्करोगावरच्या नॅनो-औषधांवर बोलायला हे कसे उभे राहिले, असं तुम्हाला वाटेल. कारण एवढंच की या औषधांच्या मुळाशी एक अनुमान आहे, आणि अनुमान तपासणं हे आमचं काम.

डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं जुनं, प्रभावी औषध. पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करतं. म्हणून संशोधकांनी ते मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, लिपोसोममध्ये भरलं. पिशवीचा आकार सुमारे १०० नॅनोमीटर. आपला केस त्याच्या कित्येक शेपट जाड. १९९५ साली अमेरिकेत 'डॉक्सिल' या नावाने त्याला मान्यता मिळाली.

आकार एवढाच का? निरोगी रक्तवाहिनीतून ही पिशवी सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या, घाईने वाढलेल्या वाहिन्या मात्र गळक्या असतात. मोठे रेणू तिथे झिरपतात आणि निचरा नीट नसल्याने साचतात, असं १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलं.

यावरून अनुमान निघालं: जिथे गाठ तिथे गळती, म्हणून औषध नेमकं तिथेच जाईल. आता न्यायशास्त्र आठवा. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे खरं नव्हे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. इथली उपाधी म्हणजे प्रयोगशाळेतला उंदीर. त्याची गाठ काही आठवड्यांत वाढते, माणसाची बहुधा वर्षानुवर्षं. माणसांत ही गळती एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही वेगळी असू शकते. आणि प्राण्यांतही नेम फारसा लागत नाही. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र पाहिले, तेव्हा निम्म्यांत टोचलेल्या मात्रेचा ०.७ टक्क्यांहूनही कमी भाग गाठीत पोचला होता. बराचसा भाग यकृत आणि प्लीहा अडवतात.

मग सगळं फुकट का? नाही. पसरलेल्या स्तनकर्करोगात डॉक्सिलची मूळ औषधाशी तुलना झाली. निष्कर्ष २००४ साली आले. आजार रोखण्यात दोन्ही जवळपास सारखी, पण हृदयाची इजा डॉक्सिलमध्ये बरीच कमी. तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास मात्र जास्त.

तेव्हा घरात कुणाला असं औषध सुचवलं, तर 'नॅनो' शब्दाने हुरळू नका, बिचकूही नका. डॉक्टरांना विचारा: साध्या औषधापेक्षा याने आयुष्य वाढेल, की त्रास कमी होईल? दोन्ही मोलाचंच, पण दोन्ही एक नव्हे. कर्ज काढण्याआधी हा फरक कळलेला बरा.