एफआयआरमध्ये नाव आलं तर नोकरी, पासपोर्टचं काय होतं?

३० जुलै २०१८. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकणमध्ये हिंसक वळण लागलं. बस पेटवल्या गेल्या, दगडफेक झाली आणि पोलिसांनी मोठ्या जमावावर गुन्हे दाखल केले.

चाकणपासून तळेगाव दाभाडे जेमतेम २० किलोमीटरवर. या पट्ट्यातल्या बहुतेक तरुणांची नजर एमआयडीसीतल्या नोकरीवर असते. तिथे, अगदी ठेकेदाराकडे लागतानाही, अनेकदा पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. मग विशीत अंगावर आलेली एक केस किती वर्षं पाठ धरते?

गुन्हा दाखल झाला म्हणजे दोषी ठरलो का?

नाही. एफआयआर ही फक्त तपासाची सुरुवात. पुढे दोषारोपपत्र, खटला आणि मग निकाल. पण एफआयआर पोलिसांच्या सीसीटीएनएस या देशभरच्या संगणक यंत्रणेत नोंदवला जातो. त्यामुळे निकाल लागायच्या आधीच पडताळणीत ‘खटला प्रलंबित’ असा शेरा येऊ शकतो.

मग नोकरी मिळतच नाही का?

खासगी कंपनीत हा निर्णय कंपनीचा. सरकारी नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग खटल्यातला निकाल महत्त्वाचा आहे. फॉर्ममध्ये विचारलेली माहिती खरी द्यायला हवी, असं कोर्टाने सांगितलं. तरुण वयात घोषणाबाजी केल्यासारखं किरकोळ प्रकरण लपवलं गेलं, तर ते माफ करण्याची मुभा नेमणूक करणाऱ्याला आहे. गंभीर प्रकरण लपवलं तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. मात्र खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच, याचीही हमी नाही.

आणि पासपोर्ट?

फौजदारी खटला न्यायालयात प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण दार पूर्ण बंद होत नाही. १९९३ च्या अधिसूचनेनुसार, त्याच न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल, तर साधारणपणे तो एकाच वर्षासाठी असतो.

सरकारने गुन्हे मागे घेतले की संपलं ना?

इथे अनेकांची फसगत होते. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा वेळोवेळी होतात. पण दोषारोपपत्र दाखल झालेला खटला घोषणेने बंद होत नाही. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. शिवाय जीवितहानी किंवा मोठं नुकसान झालेली प्रकरणं अशा निर्णयातून सहसा वगळली जातात.

रेकॉर्ड पुसता येतं का?

प्रौढांसाठी ठरावीक वर्षांनी रेकॉर्ड आपोआप पुसणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. दोन अपवाद लक्षात ठेवा.

• वय १८ च्या आत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ नुसार दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही आणि ठरावीक काळानंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. घोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या १६ ते १८ वयोगटाला ही सवलत नाही.

• कोर्टाने शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर अपराधी परिवीक्षा कायदा, १९५८ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोषसिद्धी मात्र कायम राहते.

तुमचं नाव असेल तर काय कराल?

आधी केस नेमकी कुठे अडकली आहे ते बघा. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर ई-कोर्ट्स ॲपवर तारखा दिसतात. तारखा चुकवू नका, वॉरंट निघू शकतं. निर्दोष सुटलात किंवा खटला मागे घेतला गेला, तर आदेशाची प्रमाणित प्रत काढून जपून ठेवा, कारण पोलिसांच्या नोंदीत निकाल चढला नसेल तर तीच दाखवावी लागते. आणि फॉर्मवर ‘गुन्हा दाखल आहे का?’ असं विचारलं असेल, तर ‘नाही लिही, कोण बघतंय’ हा मित्राचा सल्ला ऐकू नका.