ड्रॅगन मरत नाही, सौदा करतो

ड्रॅगन येतो, गावे बेचिराख करतो. चिलखतधारी सरदार घोड्यावर स्वार होऊन निघतो आणि त्याचा वध करून कीर्ती मिळवतो. युरोपातील मध्ययुगीन आख्यायिकांचा हा ठरलेला साचा. त्याची सर्वांत खुसखुशीत थट्टा केली ती ड्रॅगनवर मनापासून प्रेम करणाऱ्या एका प्राध्यापकाने, हे विशेष. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९३६ साली 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यावरील व्याख्यानात त्यातील ड्रॅगनचे महत्त्व गांभीर्याने प्रतिपादन केले होते. १९३८ मध्ये ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजमधील एका मंडळापुढे त्यांना परीकथांवर निबंध वाचायचा होता. त्याऐवजी त्यांनी वाचली ती मुलांसाठी रचलेल्या एका गमतीदार कथेची वाढवलेली आवृत्ती. 'फार्मर गाइल्स ऑफ हॅम' या नावाने ती १९४९ साली पुस्तकरूपाने आली. पॉलीन बेन्स यांची चित्रे तिला शोभून दिसतात.

नायक गाइल्स हा लाल दाढीचा, सुखवस्तू, काहीसा आळशी शेतकरी. एका रात्री बहिरा आणि अधू दृष्टीचा राक्षस त्याच्या शेतात शिरतो. गाइल्स घाबरतच रुंद तोंडाची जुनी बंदूक झाडतो. राक्षसाला वाटते, माशी चावली! तो आपल्या वाटेने परततो आणि गाइल्स मात्र रातोरात शूरवीर ठरतो. राजा खूश होऊन शस्त्रागारातली जुनाट तलवार त्याला बक्षीस पाठवतो. फॅशन गेल्यामुळे ती कुणालाच नको असते. वास्तविक ती ड्रॅगनचा कर्दनकाळ म्हणून ख्यात असलेली तलवार असते. पाच मैलांच्या आत ड्रॅगन असला की ती म्यानात राहतच नाही.

या बंदुकीतही एक खोच आहे. ब्लंडरबस म्हणजे काय, असे कुणी विचारल्यास निवेदक ऑक्सफर्डच्या चार शहाण्या पंडितांचा हवाला देतो आणि त्यांच्या शब्दकोशातील व्याख्या सांगून, गाइल्सची बंदूक त्या व्याख्येत बसत नव्हती, असे शांतपणे नोंदवतो. हे चार पंडित म्हणजे ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचे चार संपादक. टॉल्किन यांनी स्वतः १९१९-२० च्या सुमारास याच कोशाच्या कामात उमेदवारी केलेली. तेव्हा चेष्टा घरातलीच आहे.

खरा टोला पुढे आहे. क्रिसोफिलॅक्स नावाचा ड्रॅगन येतो, तेव्हा सरदारांना मानपान, शिष्टाचार आणि सामन्यांच्या तारखा आठवतात. प्रत्यक्ष गाठ पडताच कोणी मरतात, उरलेले पळतात. गाइल्सची म्हातारी करडी घोडी तेवढी जागची हलत नाही. गाइल्सही ड्रॅगनला मारत नाही. तलवार परजून तो घासाघीस करतो. बाजारात बैलाचा भाव ठरवावा तशी. खजिन्यातला थोडा वाटा ड्रॅगनला ठेवायचा आणि उरलेला ड्रॅगननेच पाठीवर वाहून न्यायचा, असा करार होतो. त्यावर राजा हक्क सांगायला येतो. पण आता ड्रॅगन शेतकऱ्याच्या बाजूला असतो! राजसत्तेचे तेज पुलाजवळच मावळते आणि गाइल्स पुढे स्वतःच राजा होतो.

या छोट्या राज्याची पुढची कथा लिहिण्याचा टॉल्किन यांचा बेत होता. त्यांनी ती सुरूही केली होती. मात्र १९४५ साली प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले, की त्या राज्याचा प्राणच गेला आहे. कथेची भूमी ऑक्सफर्डच्या आसपासची खरीखुरी गावे होती, आणि महायुद्धात त्या रानामाळांवर विमानतळ उभे राहिले होते.